कौलारूंची शेवटची तार

"आज कुठली बाजू?" दादानं विचारलं.

"काल उजवी कंबर झाली. आज डावी. वळ."

"मी कॅसेटची विचारतोय रे, शहाण्या."

मी बाटलीतल्या पांढऱ्या पुडीत पाणी सोडलं, बाटली दोन्ही तळहातांत धरून फिरवली आणि औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं. सकाळचे साडेसात वाजलेले. आई मागच्या दारात भांडी आपटत होती, म्हणजे तिला सुई बघवत नव्हती. दादा भिंतीकडे तोंड करून वळला आणि मी सुई टोचली.

"तुझा हात हलका आहे म्हणून निभावतंय," तो उशीतून म्हणाला, "नाहीतर भाऊ म्हणून ओळखसुद्धा दाखवली नसती."

"कानात काही वाजतंय का?"

"वाजतंय की. कौलारू."

"चक्कर?"

"तुझ्याकडं बघितलं की येते."

मी कार्डावरच्या दोन रकान्यांत लिहिलं: नाही, नाही. रोज असंच लिहायचो.

"हे रोज काय विचारतोस रे तू?"

"सरकारी कार्ड आहे. रकाना भरायला लागतो."

"मग भर बाबा. सरकारला माझ्या कानाची एवढी काळजी!" दादा हसला, हसताना खोकला, आणि खोकून झाल्यावर रुमाल उघडून बघितला. त्या सकाळी रुमाल स्वच्छ होता.

हे मिरजेतलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. दादा, म्हणजे विल्सन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. त्याला क्षय झाला तो आदल्या वर्षी. चार महिने गोळ्या घेतल्या, अंगावर मांस आलं, आणि नाताळच्या कार्यक्रमांच्या गडबडीत पठ्ठ्यानं गोळ्या सोडून दिल्या. मार्चमध्ये रक्त पडलं. छातीच्या दवाखान्यातल्या मगदूम डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला आणि स्पष्ट सांगितलं, "विल्सन, या वेळी अर्धवट सोडलंस तर पुढं द्यायला माझ्याकडं काही नाही. साठ इंजेक्शनं. रोज एक. शिवाय गोळ्या." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू टोचतोस ना? मग जबाबदारी तुझी."

ती जबाबदारी मी घेतली. घमेंडीनं घेतली म्हणा ना. दादा मेला नाही पाहिजे, एवढंच मला कळत होतं, आणि तो सुईला लहानपणापासून भ्यायचा. म्हणून मी नियम केला: एक सुई, एक बाजू. सुई टोचून घेतली की मी त्याच्या उशाशी टेपरेकॉर्डर लावायचा आणि कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत आम्ही दोघांनी गप्प पडून ऐकायचं. मग मी दवाखान्यात पळायचो.

कॅसेट एकच. आमच्या चाळीमागं एक इंग्रज मुलगा तीन महिने सतार शिकायला म्हणून राहिला होता, जाताना त्यानं ती दादाला दिली. बँडचं नाव 'द स्लेट रूफ्स'. स्लेट म्हणजे तिकडं घरावर घालतात ते चपटे दगड, असं त्या मुलानं समजावलं. दादानं त्यांचं लगेच बारसं करून टाकलं, "म्हणजे कौलारू!" इंग्लंडच्या उत्तरेतल्या, गिरण्या बंद पडलेल्या कुठल्याशा गावातली चार पोरं. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. गाणारा मुलगा शेजारच्या खोलीत कुणाशी तरी हळू आवाजात भांडत असल्यासारखा गायचा. त्याचे शब्द आम्हाला निम्मे कळायचे नाहीत आणि त्यानं काही अडलं नाही.

खरी गंमत गिटारची. बाकीचे बँड एक सूर वाजवला की हातानं तार दाबून गप्प करतात. हे दाबायचेच नाहीत. एक गिटार वरच्या बारीक तारा एकेक करून छेडायची आणि प्रत्येक सूर पुढच्या सुरात तरंगत राहायचा. त्याच्याखाली दुसरी गिटार नुसती घुमायची. मिरजेच्या माणसाला ते ऐकून जे वाटायचं तेच दादाला वाटलं. "एडू," तो म्हणाला होता, "ह्यांना कुणीतरी तंबोरा ऐकवलेला आहे. ही तार बोलते बघ. जवारी आहे हिच्यात." मी म्हटलं, जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती उघडी झणकार, ती इंग्रजाला कुठून येणार? त्यावर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पहिल्या बाजूच्या शेवटी बाकीची वाद्यं थांबतात आणि एकच बारीक तार राहते. ती जवळजवळ मिनिटभर वाजते, विरत जाते, इतकी विरते की वाजतेय की आपल्याला भास होतोय ते कळत नाही. आम्ही त्याचा खेळ केला होता. दोघांनी डोळे मिटून बोट वर धरायचं, तार ऐकू येईनाशी झाली की बोट खाली. दादा नेहमी जिंकायचा. माझं बोट खाली आल्यावर तो आणखी तीन-चार सेकंद ऐकत असायचा. छापखान्याच्या खडखडाटात सहा वर्षं काढलेल्या माणसाचा एवढा तिखट कान कसा, याचं मला नवल वाटायचं, आणि थोडी जळजळही व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात एकदा माझं बोट खाली आलं, टेप खट् करून थांबली, तरी दादाचं बोट वरच.

"अरे, टेप बंद पडली!"

"अजून वाजतंय," दादा डोळे न उघडता म्हणाला.

"लबाडी नको."

"शप्पथ. अगदी बारीक. ही कमाल आहे बघ त्यांची. बंद केलं तरी वाजत राहतं." मग डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणाला, "शंभर वर्षं ऐकतील लोक ह्यांना. लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी सुई टोचताना मी विचारलं, "कानात काही वाजतंय का?" तो म्हणाला, "वाजतंय म्हणून सांगितलं ना काल. रात्रभर वाजत होतं. झोपेतसुद्धा सोडत नाहीत लेकाचे." मला हसू आलं. मी कार्डावर लिहिलं: नाही.

त्याचं वजन वाढायला लागलं. आई रोज एक अंडं जास्त उकडायला लागली. उठून उभा राहिला की तो दाराची चौकट धरायचा, तर आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे, जाईल. खोकला कमी झाला होता. मला वाटायचं, मीच जिंकलो.

पस्तिसाव्या सुईच्या सुमाराला दादाची तक्रार सुरू झाली.

"कॅसेट घासली रे. वरचं काही येईना."

मी दवाखान्यातून स्पिरिट आणून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं. फरक नाही म्हणाला. दुसऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला. त्यावरही नाही. "पट्टीच गेली," दादा म्हणाला. मला तर ती पूर्वीसारखीच ऐकू येत होती. पण त्याचा कान माझ्याहून तिखट, त्यामुळं मी काय बोलणार? मग त्यानं खुंटीवरची आपली गिटार काढायला लावली, अंथरुणावर बसून वरची तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"हिचीसुद्धा गेली. जवारीच बंद झालीय."

"दादा, गिटारला जवारी नसते."

"मग जे काही असतं ते बंद झालंय! मौलाचाचाकडं ने मला."

मौलाचाचा सतारी-तंबोरे करायचे. पिढ्यांचं काम. वडील होते तेव्हापासूनचा घरोबा, आणि दादाच्या गिटारची मोडलेली खुंटी त्यांनीच एकदा शिसवीची करून दिली होती. मी दादाला सायकलवर मागं बसवलं, गिटार गळ्यात अडकवली आणि सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या दुकानात गेलो. चाचा एकटेच होते, मांडीवर तंबोरा घेऊन घोडी कानशीनं घासत बसले होते. तार ज्या हाडाच्या पट्टीवरून जाते ती घोडी. तिला केसभर उतार द्यायचा, म्हणजे तार तिला चाटून जाते आणि सूर उघडतो. तीच जवारी. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा शोधायची. दोरा नेमक्या जागी आला की मिरजेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आता उघडली.

"या या, विल्सनराव!" चाचा म्हणाले. "ह्या डब्याला काय झालं आता?"

"चाचा, तार बोलत नाही. वरचं गेलंय सगळं."

चाचांनी गिटार घेतली, तार छेडली, कान जवळ नेला. परत छेडली. "बोलतीय की बाबा. चांगली बोलतीय. ह्याच्यात जवारी न्हाई, काय न्हाई, बिघडायचं काय?"

"वरचं नाही हो येत. आधी कसं चमकायचं!"

चाचांनी त्याच्याकडं जरा रोखून बघितलं. मग गिटार बाजूला ठेवून त्यांनी तोच तंबोरा त्याच्यासमोर धरला आणि तार छेडली. सूर बंद होता, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. त्यांनी दोरा सरकवला, थोडा पुढं, थोडा मागं, आणि एकदम तार उघडली. सगळं दुकान भरून गेलं. माझ्या अंगावर काटा आला.

"आता?" चाचांनी विचारलं.

"आता काय?" दादा म्हणाला. "तोच आहे की."

चाचांनी दोरा काढला. सूर मिटला. "आणि आता?"

"तोच. चाचा, तंबोऱ्याचं राहू द्या, गिटारचं बघा ना."

चाचांनी तंबोरा खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठले, काहीतरी शोधायच्या निमित्तानं दादाच्या पाठीमागं गेले आणि फळीवरचं एक बारीक घुंगरू त्याच्या कानामागं धरून हलवलं. दादा गिटारच्या खुंट्या बघत होता. चाचांनी दुसऱ्या कानामागं हलवलं. दादानं एक खुंटी पिळून बघितली.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. आवाज अगदी खाली आणून, पण माझ्यासमोर चारच फुटांवर उभं राहून म्हणाले, "एडू, तार ठीक हाय. ह्येचं कान बघ."

"काय म्हणाले?" दादानं मान वर केली.

मी गिटार गळ्यात अडकवली. "म्हणतायत, तारा बदलायला पाहिजेत."

"मी म्हटलंच होतं!" दादा खूश झाला.

त्याला घरी सोडलं आणि कार्ड घेऊन मी तसाच मगदूमबाईंकडं गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड घेतलं आणि बोट फिरवत एकेक रकाना वाचला. त्रेचाळीस सुया. त्रेचाळीस वेळा माझ्या अक्षरात 'नाही'.

"रोज विचारत होतास?"

"हो, बाई."

"काय म्हणायचा?"

"वाजतंय म्हणायचा."

त्यांचं बोट थांबलं. "वाजतंय म्हणायचा, आणि तू 'नाही' लिहिलंस?"

"तो गाण्याचं म्हणायचा, बाई. कॅसेटचं. आमच्यात तशी चेष्टा चालायची."

"टेप बंद असताना वाजतंय म्हणायचा?"

"झोपेतसुद्धा, बाई."

"एडविन," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी तुला बाहेर बोलावून काय सांगितलं होतं?"

हे मी आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण मला सांगवलं नाही. पहिल्या दिवशी दादा आत शर्ट घालत होता तेव्हा बाईंनी मला व्हरांड्यात घेतलं होतं. म्हणाल्या, हे औषध जीव वाचवतं, पण एखाद्याच्या कानाला लागतं. आधी कानात बारीक आवाज सुरू होतो, तोल जातो. रोज विचार, त्यालाही समजावून सांग, आणि जरा काही वाटलं तर त्याच दिवशी माझ्याकडं ये. आपण औषध बदलू. मी मान डोलावली. आणि दादाला सांगितलं नाही. सुईनं कान जाऊ शकतो असं कळलं असतं तर त्यानं एकही सुई घेतली नसती, ही माझी पक्की खात्री होती. माणूस मेला तर कान काय कामाचे, असं मी मनाशी ठरवलं. मीच ठरवलं. आणि मग ज्याला कशासाठी विचारतोय हे माहीतच नाही, त्याला रोज सकाळी विचारत राहिलो, वाजतंय का.

"परत येईल?" मी विचारलं.

"जे गेलं ते नाही."

"बाकीचं तरी?"

"इंजेक्शन आज बंद. पण औषध अंगात आहे, काही दिवस ते काम करत राहणार." बाईंनी कार्ड मिटलं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "किती जाईल ते मला सांगता येणार नाही. आपण काही करू शकत नाही, एडविन. वाट बघायची."

आम्ही वाट बघितली. आयुष्यात तेवढं असहाय मला पुन्हा कधी वाटलं नाही. ताप असता तर पट्ट्या ठेवल्या असत्या, जखम असती तर धुतली असती. इथं काही करायचंच नव्हतं. सुया बंद झाल्या तरी दादानं नियम मोडू दिला नाही. साडेसातला एक बाजू लावायची. मी आवाज रोज थोडा वाढवायचो. आधी निम्म्यावर होता, मग पाऊण, मग पूर्ण. चाळीतल्या कुणी तक्रार केली नाही, सगळ्यांना कळलेलं होतं. बाईंनी त्याला समोर बसवून, मोठ्यानं, एकेक शब्द सांगितला होता की औषध कानाला बाधलं. त्यानं कुणाला दोष दिला नाही. "छाती सुटली ना? मग झालं," म्हणाला, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. आईनं जेवायला तीनदा हाक मारली. तिला वाटलं, रुसलाय.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो डोळे मिटून पडला होता, तळहात टेपरेकॉर्डरच्या जाळीवर. कौलारूंचं दुसरं गाणं चाललं होतं. दादाची बोटं जाळीवर ताल धरत होती. मध्येच वीज गेली. टेप रडल्यासारखी होऊन थांबली, पंखा थांबला, बाहेर कुणीतरी वीज मंडळाचा उद्धार केला. दादाची बोटं चालूच होती. दुसऱ्या गाण्याचा शेवट आला तशी ती थांबली, गाण्यांच्या मध्ये जेवढी जागा सुटते तेवढी सोडली, आणि तिसऱ्याच्या तालावर सुरू झाली. एक ठेका चुकला नाही. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. बाजू संपायच्या वेळेला त्यानं डोळे उघडले, वर बंद पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वीज कधी गेली?" त्यानं विचारलं.

मी बोटानं दाखवलं, आत्ताच.

दादा बरा झाला. पुढच्या वर्षीच्या फोटोत छाती स्वच्छ होती. तो छापखान्यात परत गेला. तिथं मशीनच्या आवाजात सगळेच बहिरे, असं तो स्वतःच म्हणायचा. लग्न झालं, दोन मुली झाल्या. शर्टाच्या खिशात कागदाच्या कातरणांची शिवलेली एक चिमुकली वही आणि पेन्सिल कायम असते. जे सांगायचं ते त्यात लिहायचं. माझ्या अक्षरातल्या अशा वह्या त्याच्याकडं पेटीभर असतील. सणवार, दुखणीखुपणी, पोरींच्या परीक्षा, सगळं मी त्यात लिहिलंय. ते एक सोडून.

गेल्या उन्हाळ्यात चर्चहून आल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो. वहिनी आत स्वयंपाकात. दादा माझ्याकडं पाठ करून पाटावर शेंगा फोडत होता. केस पांढरे झालेत, मान बारीक झालीय. काय झालं कुणास ठाऊक, मी त्या पाठीशी बोलायला लागलो.

"दादा, मला माहीत होतं," मी म्हणालो. "बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कान जाऊ शकतात म्हणून. मी तुला सांगितलं नाही. तू सुया सोडशील म्हणून भ्यालो. तू वाजतंय म्हणत होतास आणि मी नाही लिहीत होतो. तुझे कान मी घालवले, दादा." मोठ्यानं म्हणालो. शेवटपर्यंत म्हणालो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मूठभर दाणे मला द्यायला म्हणून तो वळला. माझं तोंड आणि हलते ओठ बघून थबकला.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "काय म्हणत होतास?"

मी मान हलवली. त्यानं दाणे माझ्या हातात दिले, शर्टानं बोटं पुसली आणि वही काढून माझ्यापुढं धरली.

"लिही," तो म्हणाला.

मी पेन्सिल घेतली. तो वाट बघत होता, लहान मुलासारखा माझ्या हाताकडं बघत. मी बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकवून बसलो. मग लिहिलं: शेंगा खवट आहेत.

दादानं वही लांब धरून वाचलं. एक दाणा तोंडात टाकला, नीट चावला.

"चांगल्या आहेत की रे!" तो म्हणाला, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि पुन्हा पाठ फिरवून शेंगा फोडायला लागला.